समासातला ठिपका

सुलभाला जाऊन दुसरं वर्ष लागलं होतं. तिची नजर मात्र रोज सकाळी दहा वाजता कामावर यायची.

नागपूरला वर्धा रोडवरच्या त्या छोट्या कंपनीत सगळे तसंच बोलत. "सुलभाताईंची नजर फिरली का पानावरून?" "फिरली. दोन ठिकाणी अडली." नव्या माणसाला हे चमत्कारिक वाटे. प्रल्हाद देवतळ्यांना वाटत नसे. सुलभा त्यांची बायको. आपल्या माणसाचं नाव रोज कुणीतरी सहज घेतं, कामापुरतं का होईना, हे त्यांना बरं वाटे. घरी ते नाव घेणारं कुणी उरलं नव्हतं.

कंपनीचं काम साधं होतं आणि जोखमीचंही. गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट अशा भागांत आता लहान लहान धावपट्ट्या झाल्या होत्या. विजेवर चालणारी रुग्णविमानं तिथे उतरत आणि बाळंतीण, सर्पदंशाचा माणूस, भाजलेलं मूल घेऊन नागपूरला येत. अशा प्रत्येक धावपट्टीचे कागद लागतात. धावपट्टीचा नकाशा, उतरायची वाट, आसपासचे अडथळे, रुग्णवाहिका कोणत्या फाटकातून येते, आरोग्य केंद्राचा फोन. हे सगळं वैमानिकाच्या मांडीवर पट्ट्यानं बांधलेल्या ई-रीडरवर बसवायचं, तेही असं की हलत्या विमानात, डोळ्यावर ऊन असताना एका नजरेत सापडावं. दर चार आठवड्यांनी, गुरुवारी, नवा संच लागू होई आणि जुना आपोआप पुसला जाई.

प्रल्हाद आणि सुलभा दोघंही या कामात छापखान्यातून आले होते. तिथे प्रुफं तपासायची एक जुनी पद्धत होती. एकानं मूळ प्रत हातात घेऊन मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं छापलेल्या कागदावर नजर ठेवायची. प्रल्हाद वाचणारे, सुलभा पाहणारी. विमानाचे कागद आले तरी दोघांनी ती पद्धत सोडली नाही. सुलभा कधी "चूक" म्हणत नसे. काही खटकलं की एवढंच म्हणे, "परत." मग प्रल्हाद ती ओळ परत वाचत.

डोळस कागद नंतर आला. ई-रीडरच्या पडद्यात काळ्या-पांढऱ्या रंगाचे सूक्ष्म कण असतात. वीज दिली की काळे वर येतात आणि अक्षर दिसतं. डोळस कागदात या कणांच्या मधे प्रकाश ओळखणारे तितकेच सूक्ष्म बिंदू बसवलेले होते. आपल्या डोळ्याच्या बाहुलीवरून परतणारा, आपल्याला न दिसणारा उजेड ते टिपत. त्यावरून पानाला कळे, की वाचणारा आत्ता कुठे बघतोय, किती वेळ थांबला, कुठे मागे आला.

मुरलेला तपासनीस पानभर सारखं बघत नाही. जिथे चूक होऊ शकते तिथे त्याचा डोळा घुटमळतो, आणि हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही. सुलभा कित्येक वर्षं डोळस कागदावर पानं तपासत होती. तिच्या डोळ्यांची ती सगळी ये-जा साठत गेली आणि यंत्र त्यातून शिकलं. आता कोणतंही नवं पान समोर ठेवलं की यंत्र सांगे, सुलभाताई इथे थांबल्या असत्या, इथून मागे वळल्या असत्या. तिथे एक राखाडी ठिपका उमटे. मग माणसं ती जागा तपासत. या शिकलेल्या यंत्रालाच सगळे नजर म्हणत.

मूळ प्रत आणि पान अक्षराला अक्षर जुळवायचं काम दुसरं यंत्र करू लागलं होतं. त्यामुळे वाचून दाखवायची गरज उरली नव्हती. सुलभा गेल्यापासून प्रल्हादांनी मोठ्यानं एक ओळही वाचली नव्हती. ते नकाशांची मांडणी बघत, फोन करून माहिती गोळा करत, आणि गप्प असत.

मंगळवारी तेजल झाडे दोन चहा घेऊन त्यांच्या टेबलाशी आली. तेजल वर्ध्याची, नजरेचं सगळं काम तिच्याकडे.

"काका, बिस्किट हवं का?"

"तू बिस्किट विचारलंस म्हणजे काहीतरी कडू सांगायचं असणार."

तेजल हसली, पण बसली. "सुलभाकाकूंची नजर बदलावी लागेल."

प्रल्हादांनी चहा खाली ठेवला.

"औषधांच्या ड्रोनच्या वाटा आल्या ना गेल्या वर्षी? प्रत्येक धावपट्टीभोवती? काकूंनी त्या कधी बघितल्याच नाहीत. त्यांची नजर त्या ओळींवरून घसरून जाते. पुढे आणखी नवं येईल, तेव्हाही तसंच होणार. आणि दुसरं म्हणजे, नजर समासात ठिपके टाकून राहिली आहे."

"समासात?"

"पानाच्या खाली, उजव्या कोपऱ्यात. तिथे काहीच नसतं, कोरा कागद. जवळजवळ प्रत्येक संचात दोन-चार. सगळे ते सोडूनच देतात. वरून सांगितलंय, आधी ते कापा, आणि नंतर हळूहळू ही नजर बंद करून नवी घडवा. पण गेलेल्या माणसाची नजर आहे. घरच्यांची संमती लागते. तुमची."

"कधीपर्यंत?"

"उद्या सांगा. गुरुवारचा संच नव्या पद्धतीनं सोडायचा म्हणतात."

तेवढ्यात कॅप्टन रोशन मडावी आत आला. रुग्णविमान चालवणारा, मूळचा एटापल्लीकडचा, आणि ऑफिसात शिरला की आधी डबा कुणाचा उघडा आहे ते बघणारा. ई-रीडरचा पट्टा सैल झाला म्हणून आला होता.

"काका, गुरुवारी कोसमटोल्याला पहिल्यांदा उतरतोय. नवी पट्टी. माझ्या मावशीचं गाव तिथून हाकेवर. तिनं आत्ताच फोन करून सांगितलं, विमान जरा वरून फिरव, घर दिसंल तुला."

"पान तयार आहे तुझं," प्रल्हाद म्हणाले.

"काकूंच्या नजरेतून गेलं?"

तेजलनं प्रल्हादांकडे बघितलं.

"का, काय झालं बे?" रोशन तेजलला म्हणाला. "काकू बघतात म्हणून तर मी निवांत उतरतो. संध्याकाळी पूर्वेकडून यायचं म्हणजे सूर्य सरळ डोळ्यात. बाहेर दिसत काही नाही. तेव्हा माझं सगळं या पानावर असतं."

तो पट्टा बदलून गेला, जाता जाता तेजलच्या डब्यातली अर्धी पोळी घेऊन.

प्रल्हादांनी तेजलला विचारलं, "जे कापणार ते मला दाखवशील?"

तिनं डोळस कागदाची मोठी पाटी आणली आणि सुलभानं खूप पूर्वी तपासलेलं एक पान लावलं. पानावर एक लहानसा काळा बिंदू चालू लागला. तो सुलभाचा डोळा होता, त्या दिवशी जसा फिरला होता तसाच. बिंदू पहिल्या ओळीवर आला, आकड्यावर टेकला, पुढे गेला, मधेच मागे वळून मथळा बघून आला. प्रल्हादांना हसू आलं. भाजी निवडतानाही ती तशीच, निवडलेली जुडी परत एकदा उलटून बघायची.

मग बिंदू एका ओळीच्या मध्यावरून निघाला, तिरका खाली घसरत उजव्या कोपऱ्यात गेला आणि कागदाच्या काठाशी थांबला. बराच वेळ. मग परत त्याच ओळीवर आला.

"हेच," तेजल म्हणाली. "डोळा पानाबाहेर गेला की कागदाला तो दिसत नाही. मग शेवटी दिसला त्या कडेला बिंदू थांबून राहतो. आणि नजर तेवढंच शिकली, की अशा वेळी समासात जायचं." तिचा आवाज हळू झाला. "काका, मला वाटतं काकू थकत असतील. शेवटी शेवटी दुखायचं ना त्यांना?"

सुलभाचं पाठीचं दुखणं कर्करोगाचं निघालं होतं, आणि ते कळायला उशीर झाला होता. ती बोलून दाखवणारी बाई नव्हती.

घरी गेल्यावर त्यांनी कुकर लावला आणि शिट्ट्या मोजायला विसरले. तो बिंदू डोळ्यापुढून हलेना. काम करता करता तिला कळ येत होती, ती कळ जिरेपर्यंत कोपऱ्यात बघत बसायची, आणि आपण शेजारी बसून आकडे वाचत होतो. हेच कापणार आहेत. कापू देत, असं त्यांना एकदा वाटलं. तिचं दुखणं कशाला यंत्रात ठेवायचं? आणि लगेच वाटलं, पण तेही तिचंच आहे. आता तेवढंच तर आहे.

भात तळाशी लागला. त्यांनी वरवरचा काढून खाल्ला आणि भांडं भिजत घातलं. तिची सवय होती ती.

सकाळी ते तेजलच्या आधी ऑफिसात पोचले. झाडणारी बाई टेबलं ओढून केर काढत होती. सुलभा गेल्यावर इथे रंगकाम झालं होतं आणि टेबलं नव्यानं लावली होती. आता सगळी भिंतीला तोंड करून होती. बाईनं सुलभाचं जुनं टेबल मधे ओढलं, तेव्हा ते नेमकं खिडकीपाशी, पूर्वीच्या जागी आलं. प्रल्हादांनी सवयीनं आपली खुर्ची ओढली आणि त्याच्या उजव्या हाताला, जरा खालच्या अंगाला टेकवली. लहानपणी पडल्यापासून त्यांचा उजवा कान अधू होता, म्हणून ते नेहमी तिच्या उजवीकडेच बसत. मूळ प्रत मांडीवर घेऊन.

ते बसले आणि बसूनच राहिले. मग उठून सुलभाच्या जागी जाऊन बसले. पुढ्यात पान आहे असं समजून ओळीवरून मान न हलवता फक्त डोळे खाली उजवीकडे नेले. कागदाच्या काठापलीकडे त्यांची स्वतःची रिकामी खुर्ची दिसली.

तेजल दारात उभी होती. "काका?"

"तेजल, इथे मी बसायचो."

तिला आधी कळलं नाही. मग कळलं. तिनं पाठीवरची पिशवीसुद्धा उतरवली नाही, तशीच पाटीकडे गेली आणि जुनी पानं भराभर लावू लागली. आजारपणाच्या किती तरी आधीची. बिंदू तेव्हाही कोपऱ्यात जात होता.

"दुखणं नव्हतं मग," प्रल्हाद म्हणाले.

"तुमच्याकडे बघायच्या त्या. पण कधी? थांबा." तेजल पानं मागेपुढे करत होती. "उगीच नाही बघत, काका. ठरावीक ओळींवरूनच जातात. ही बघा. इथे मुळातच चूक होती, आपण नंतर वरच्या ऑफिसला कळवली होती. ही पण. या ओळीत काही नव्हतं. ही पुन्हा चूक." तिनं वर पाहिलं. "त्या ओळींवर तुम्ही काय करायचात?"

"मी काय करणार? मी वाचायचो."

"म्हणजे कसं? आज गुरुवारच्या संचात कोसमटोल्याच्या पानावर असा एक ठिपका आलाय, पाचव्या ओळीवरून निघालेला. मी सांगत नाही पाचवी कोणती. तुम्ही अडथळ्यांचा तक्ता वाचा. मोठ्यानं. मी पान बघते."

"नको गं."

"का?"

"आता आवाज लागत नाही."

"मला कुठे गाणं ऐकायचंय?" तेजल म्हणाली. मग जरा नरम आवाजात, "काका, रोशन उतरणार आहे तिथे."

प्रल्हादांनी मूळ प्रत घेतली. सुलभाची जागा तेजलला दिली आणि आपल्या खुर्चीत बसले. घसा साफ केला. पहिला शब्द घोगरा निघाला.

"अडथळे, पूर्व बाजू. मोहाचं झाड, पंचावन्न फूट. विजेचा खांब, तीस फूट. सागाची रांग, साठ फूट. आरोग्य केंद्राचं छप्पर, अठरा फूट. मोबाइल टॉवर, चाळी... चाळीस फूट."

ते पुढे वाचणार होते, पण तेजल त्यांच्याकडे बघत होती. मान पानावरच, फक्त डोळे तिरके, खाली उजवीकडे. अगदी तसेच.

"तुम्ही अडखळलात," ती म्हणाली.

"आवाज लागत नाही म्हटलं ना."

"नाही. बाकी सगळं सरळ वाचलंत. परत वाचा."

परत, म्हणाली ती. प्रल्हादांनी ओळ परत वाचली आणि या वेळी त्यांना स्वतःलाच ऐकू आलं. जीभ चाळीसवर टेकायला तयार नव्हती. डोळ्यांना तो आकडा इतर आकड्यांसारखाच होता. जुळवणाऱ्या यंत्रालाही तो बरोबर होता, कारण मूळ प्रतीतच चाळीस होतं आणि चाळीस फुटांचा टॉवर असू शकतो. पण साठ फुटांचे साग आणि पंचावन्न फुटांचा मोह तोंडानं म्हटल्यावर त्यांच्या मधे चाळीस फुटांचा टॉवर म्हणताना तोंड अडत होतं. झाडांच्या खाली कुणी टॉवर बांधतं का?

तेजलनं कोसमटोल्याच्या धावपट्टीवर फोन लावला. तिथली राखण लालसू नावाचा माणूस करत असे.

"टॉवर किती उंच आहे, दादा?"

"उंच हाय जी. लय उंच."

"मोहाएवढा?"

लालसू हसला. "मोह कुठं अन् टॉवर कुठं! दोन मोह एकावर एक ठेवले तरी वरून बाकी राहते. माकडं बी शेंड्यावर जात नाहीत."

मग टॉवर उभारणाऱ्यांना फोन गेला. त्यांनी माहिती मीटरमध्ये दिली होती. चाळीस मीटर. मधे कुठेतरी ती फुटांच्या रकान्यात जाऊन बसली होती. चाळीस मीटर म्हणजे एकशे तीस फुटांच्या वर, आणि तेही पूर्वेच्या वाटेवर, जिथून रोशन सूर्य डोळ्यात घेऊन येणार होता.

पान दुरुस्त झालं, वर कळवलं गेलं, उतरायची वाट उत्तरेला वळवली. दुपार त्यातच गेली. सगळं झाल्यावर दोघं चहाला बसली.

"आता मला कळलं," तेजल म्हणाली. "तुम्ही अडखळलात की काकू तुमच्याकडे बघायच्या. काय खटकलं ते तुम्हालाही माहीत नसायचं. त्यांना मात्र माहीत होतं, की तुमचा आवाज उगीच अडत नाही. यंत्राला कान नाहीत, काका. त्याला फक्त काकूंचे डोळे दिसले. कोणत्या ओळीवर तुम्ही अडखळाल, हे ते त्यांच्या डोळ्यांवरून शिकलं. आणि आम्ही तेच कापायला निघालो होतो."

प्रल्हाद कपातल्या चहाकडे बघत होते. इतकी वर्षं त्यांची समजूत अशी, की खरं काम सुलभाचं आणि आपण नुसते वाचून दाखवणारे. तिनं कधी सांगितलं नव्हतं. बहुतेक सांगण्यासारखं आहे असं तिला वाटलंच नसेल. ती नुसती बघायची, आणि ते समजायचे ती खिडकीबाहेर बघते.

"मी वर सांगते," तेजल म्हणाली, "नजरेला हात लावायचा नाही. आजचं प्रकरण कळल्यावर कुणी काही बोलणार नाही."

प्रल्हादांच्या मनात तेच होतं. सकाळी विचारलं असतं तर त्यांनी हातच जोडले असते. पण पाटीवर अजून कोसमटोल्याचं पान होतं. खाली ड्रोनच्या वाटांच्या ओळी होत्या आणि त्यांच्यावर सुलभाचा एकही ठिपका नव्हता. तिला त्या ठाऊकच नव्हत्या. त्यांना एकदम वाटलं, तिला हे आवडलं नसतं. न बघितलेल्या पानावर आपलं नाव लागलेलं तिला कधीच खपलं नव्हतं.

"ठिपके कापू नका," ते म्हणाले. "पण नवी नजर घडवायला घ्या. ती तयार झाली की हिची बंद करा. माझी संमती आहे."

"काका, नक्की? घाई नाही आता."

"किती वर्षं कामाला लावायचं तिला? बसू दे आता." त्यांनी कप खाली ठेवला. "फक्त एक अट आहे. नवी नजर गप्प वाचून नाही शिकवायची. कुणीतरी वाचणारं पाहिजे."

"माणूस कुठून आणायचा वाचायला?"

"बाई, मी काय मेलोय?"

तेजल इतकी मोठ्यानं हसली की पलीकडच्या टेबलावरच्यांनी माना वळवल्या.

गुरुवारी संध्याकाळी रोशनचा फोन आला. मागून विमानाचा नव्हे, माणसांचा आवाज येत होता.

"काका, उतरलो. टॉवर बघितला. काय सांगू तुम्हाला! जुन्या वाटेनं आलो असतो तर..." त्यानं वाक्य सोडून दिलं. "मावशी आलीय पट्टीवर. ती विचारते, पान कोणी तपासलं?"

"तुझ्या काकूनं," प्रल्हाद म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "आणि तेजलनं. आणि मीही होतो."

"मावशी म्हणते, तिघांना मोहफुलाचे लाडू पाठवते."

"पाठव म्हणावं. तेजलच्या पोळीची भरपाई होईल."

सोमवारी टेबल पुन्हा खिडकीपाशी आणलं. तेजल सुलभाच्या जागी बसली, पुढ्यात कोरी पाटी, जिनं अजून कुणाचा डोळा पाहिलेला नव्हता. प्रल्हादांनी खुर्ची तिच्या उजव्या हाताला टेकवली, मूळ प्रत मांडीवर घेतली. ड्रोनच्या वाटांचं पान होतं. त्यांना स्वतःलाही ते नवंच होतं. आवाज आता बरा लागत होता.

सातव्या ओळीवर जीभ अडली. का, ते त्यांना माहीत नव्हतं. ते थांबले.

पाटीवर बिंदू ओळ सोडून तिरका खाली निघाला आणि कोपऱ्यात कागदाच्या काठाशी येऊन थांबला. प्रल्हादांनी वर पाहिलं. या वेळी वेळेवर पाहिलं, आणि त्यांच्याकडे बघणारे डोळे त्यांना दिसले.

"परत, काका," तेजल म्हणाली.

त्यांनी ओळ परत वाचली.